दक्षिण, दक्षिणा आणि दख्खन



पुण्यात रिक्षावाल्याला नुसते 'डेक्कन' म्हटले की तो जास्त चौकशी न करता जिमखान्यापाशी आणून सोडतो. हैदराबादेत नामपल्लीच्या रेल्वे स्टेशनावर गेलात तर तेथील पाटी सांगते की आपण 'हैदराबाद दक्कन' येथे उभे आहोत. बंगळुरात सकाळी दाराशी जे इंग्रजी वर्तमानपत्र पडते त्याच्याही नावात डेक्कन आहे, आणि ते 1948 पासून आहे. पुणेकराचे डेक्कन नदीच्या एका काठापुरते, हैदराबादकराचे डेक्कन जुन्या निजामी राज्याएवढे आणि बंगळूरकराचे आणखी निराळे. भूगर्भशास्त्रज्ञाला विचाराल तर तो म्हणेल, 'अहो, डेक्कन म्हणजे हा सारा काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा रसाचे थरांवर थर साचून तो झाला.' एकाच नावाची अशी चार माणसे एका घरात आली म्हणजे टपालवाल्याची जी स्थिती होते, तीच इतिहासाच्या विद्यार्थ्याची या शब्दापाशी होते. पत्र नेमके कोणाचे?

आज मला या शब्दाचे कूळ आपल्यासमोर उलगडावयाचे आहे. दख्खन हा 'दक्षिण' या शब्दाचा प्राकृत अवतार, एवढे आपण सर्वजण जाणताच; तेवढे सांगण्यासाठी आपला संध्याकाळचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु 'दक्षिण' ही दिशा आहे आणि दिशा ही नेहमी कोणाच्या तरी पायांपासून मोजलेली असते. वाडा, डोंगर, नदी यांना आपापले नाव असते. 'दक्षिण' असे नाव ज्या भूमीला पडते, ते नाव ठेवणारा मनुष्य त्या भूमीत उभा नसतो. तो तिच्या उत्तरेला उभा असतो. मग हे नाव आपण आपले म्हणून केव्हा आणि कसे घेतले? माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तो आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपल्या पूर्वजांच्या दिशा उगवत्या सूर्याकडे तोंड करून ठरल्या. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे पाठीमागची. 'पश्चात्' शब्दाशी तिचे नाते उघड आहे. उत्तर म्हणजे अधिक उंचावरची. आणि दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. 'दक्ष' म्हणजे समर्थ, कुशल. जो हात अधिक कुशल तो दक्षिण हात. लॅटिन आणि ग्रीक भाषांतले उजव्या हाताचे शब्दही याच मुळातून आले आहेत. ही रीत केवळ आपलीच नव्हे. अरबांनीही सूर्याकडे तोंड करूनच दिशा पाहिल्या. म्हणून त्यांच्या उजव्या हाताचा देश तो यमन आणि डाव्या हाताचा तो शाम, म्हणजे सीरिया. यमन हे त्या अर्थी अरबांचे दख्खनच म्हणावयाचे.

गंमत अशी की आपल्या मराठीत उजव्या हाताला आज कोणी दक्षिण म्हणत नाही. हिंदीने तो अर्थ 'दाहिना' या शब्दात राखला. आपण 'उजवा' म्हणू लागलो आणि दक्षिण फक्त दिशेपुरती उरली. तरी जुना अर्थ कोठे कोठे चिकटून राहिला आहेच. देवाला प्रदक्षिणा घालतो तेव्हा देव आपल्या उजव्या हाताला राहील असेच आपण चालतो. शंख उजवीकडे वळणारा असला तर तो दक्षिणावर्ती. उजव्या सोंडेचा गणपती फार कडक, असे आपल्याकडे म्हणतात आणि त्याचे कारण विचारले तर सांगणारा दक्षिण दिशा, यमाचे स्थान इत्यादी गोष्टी सांगू लागतो. येथे उजवी बाजू आणि दक्षिण दिशा यांची सरमिसळ झालेली आपल्या डोळ्यांदेखत दिसते.

यमाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकू. दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून निजू नये, घराचे दार तिकडे नसावे, पितरांचे कर्म तिकडे तोंड करून करावे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'दक्षिणेकडे वळलेल्या पावलाने' गेलेल्या माणसाचा उल्लेख येतो आणि पुष्कळ अभ्यासकांनी त्याचा अर्थ समाजातून हद्दपार झालेला मनुष्य असा केला आहे. तेव्हा आपल्या भूमीच्या नावातल्या शब्दाची ही फार जुनी खूण आहे, आणि ती काही सन्मानाची नाही. पुढे बौधायन धर्मसूत्रानेही दक्षिणापथाची गणना संकीर्ण, म्हणजे मिश्र वंशाच्या लोकांच्या प्रदेशांत केली. अर्थात् त्या यादीत अंग, मगध, सुराष्ट्र, अवंती हेही आहेत, त्यामुळे संगत वाईट नव्हती!

आता याच शब्दाची चांगली मुले पाहा. 'दाक्षिण्य' म्हणजे सौजन्य, दुसऱ्याचे मन राखण्याची वृत्ती. नाट्यशास्त्रातला दक्षिण नायक हा सर्व नायिकांचे मन सांभाळणारा. आणि 'दक्षिणा'. हिच्याविषयी थोडे थांबले पाहिजे, कारण पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे. दक्षिणा म्हणजे मुळात यज्ञ करणाऱ्या ऋत्विजाला द्यावयाची गाय. कोणी म्हणतात, समर्थ म्हणजे भरपूर दूध देणारी ती दक्षिणा. कोणी म्हणतात, ती यज्ञवेदीच्या उजव्या बाजूने नेत म्हणून दक्षिणा. मला पहिले मत अधिक पटते. गायीचे दूध हे तिच्या उभे राहण्याच्या जागेपेक्षा महत्त्वाचे, हे वैदिक गृहस्थालाही कळत असले पाहिजे. काही असो, हात, दिशा, देणगी आणि सौजन्य ही चारही एका मातेची लेकरे आहेत.

दिशेचे नाव प्रदेशाला लागले ते एकदम लागलेले नाही. मध्ये एक शब्द आहे आणि आपले त्याकडे नेहमी दुर्लक्ष होते. तो शब्द म्हणजे 'पथ'. दक्षिणापथ. आपण त्याचा अर्थ 'दक्षिण देश' असा करून मोकळे होतो. पण पथ म्हणजे रस्ता. दक्षिणापथ म्हणजे प्रथम दक्षिणेचा रस्ता, आणि मग त्या रस्त्याने जेथे जावयाचे तो देश. उत्तरापथाचेही तसेच. पाणिनीला उत्तरापथाने आणलेल्या मालासाठी वेगळा शब्द साधावा लागला, यावरून तो व्यापाऱ्यांचा चालता रस्ता होता हे स्पष्ट होते.

या रस्त्याचे सुंदर वर्णन बौद्धांच्या सुत्तनिपातात आहे. बावरी नावाचा एक ब्राह्मण कोसल देश सोडून दक्षिणापथाला येतो आणि गोदावरीच्या काठी, अश्मक देशात आश्रम करून राहतो. त्याला बुद्धाची वार्ता कळते. आपण म्हातारा, म्हणून तो आपल्या शिष्यांना धाडतो. ते शिष्य कोणत्या वाटेने गेले याची गावे ग्रंथात दिली आहेत: प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती. नकाशावर बोट ठेवून पाहा. व्यापाऱ्यांच्या तांड्याने पावसाळा संपताच निघून तुडवावी अशीच ती वाट आहे. महाभारतात नळाने दमयंतीला दाखविलेले रस्तेही हेच. राज्य गेलेले, अंगावर वस्त्र नाही, आणि नळ बायकोला सांगतो आहे की अवंती आणि ऋक्षवान् पर्वत ओलांडून हे रस्ते दक्षिणापथाकडे जातात. ही विदर्भाची वाट, ही कोसलाची. माहेरची वाट तो तिला का दाखवीत आहे, हे ती ओळखते आणि रडू लागते. दक्षिणापथ या शब्दात किती धूळ आणि किती पायपीट आहे हे मला कोशापेक्षा या कथेत अधिक समजले.

रस्ता म्हटला की आपल्या घरचा रस्ता आठवतो, आणि तो म्हणजे नाणेघाट. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारी ही दगडी वाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. वर खिंडीच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकीत असत असे लोक सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आज वरची नावे आणि खाली पायांचे अवशेष एवढेच उरले आहे. मी एका चैत्रात दुपारी तेथे गेलो होतो. बाहेर ऊन रणरणत होते, लेण्यात गारवा होता, आणि शेळ्या राखणारी दोन मुले त्या लेखाला पाठ टेकून खुशाल झोपली होती.

त्या लेखात सातकर्णीला दक्षिणापथाचा पती म्हटले आहे. काही अक्षरे झिजली आहेत, पण वाचन निश्चित आहे. दक्षिणेतल्या राजाने स्वतःला या नावाने म्हणवून घेतल्याचे इतके जुने दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आणि त्याच लेखात, त्याच ब्राह्मी लिपीत, दुसरा शब्द पुन्हापुन्हा येतो, 'दखिना'. राजाने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची ती यादी आहे: कोठे 1,700 गायी व 10 हत्ती, कोठे 11,000 गायी व 1,000 घोडे, कोठे एक गाव आणि 24,400 कार्षापण. एकाच भूमिपतीच्या नावात 'दखिना' दिशा म्हणून आणि त्याच्या हातात 'दखिना' देणगी म्हणून! आरंभीच्या नमनात चार लोकपालांची नावे आहेत, त्यांतही पहिले यमाचे आहे. दक्षिणेच्या राजाने दक्षिणेच्या दिक्पालाला मुद्दाम अग्रमान दिला, की ती चार नावे सहजच त्या क्रमाने पडली, हे मी सांगत नाही. पण जी दिशा हद्दपारांची समजली जाई तिचे स्वामित्व येथे बिरुद म्हणून मिरविले आहे, हे खरे. आणि ते कोठे? तर रस्त्यावर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक लमाणाने, वाण्याने पाहावे असे. दक्षिणापथपती म्हणजे या घाटवाटेचा धनी, असा तेथे उभे राहिल्यावर सरळ अर्थ वाटतो.

परदेशी व्यापाऱ्यांनीही हेच नाव ऐकले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रवर्णनात भडोचच्या पुढील प्रदेशाला 'दखिनबदेस' म्हटले आहे आणि तेथील भाषेत दक्षिणेला 'दखन' म्हणतात असे कारणही दिले आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तेथून पूर्वेला तगर म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातील तेर दहा दिवसांवर, असा हिशेबही त्याने मांडला आहे. मोजमाप दिवसांत, म्हणजे पुन्हा रस्ताच.

या दक्षिणापथाची हद्द कोठवर? हद्द सांगणाऱ्याप्रमाणे ती रबराप्रमाणे ताणली जाते. इसवी सन 150 च्या जुनागढ लेखात क्षत्रप रुद्रदामा सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा जिंकले, पण जवळचा नातलग म्हणून नष्ट केले नाही. येथे दक्षिणापथ म्हणजे सातवाहनांचे राज्य. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभावर दक्षिणापथाच्या बारा राजांची नावे आहेत आणि त्यांत कांचीचा विष्णुगोपही आहे. म्हणजे दक्षिणापथ तामिळ देशात पोचले. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर म्हणतो, माहिष्मतीच्या पलीकडे सारे दक्षिणापथ. नर्मदा ओलांडली की संपले, मग पुढे समुद्रापर्यंत त्याला भेद दिसत नाही. जितके दूर उभे राहावे तितके क्षितिजावरचे डोंगर एकमेकांना चिकटून दिसतात, तसेच हे आहे.

आपल्याकडील काही नावे या दूरच्या दृष्टीची इतकी पाईक आहेत की आपल्याला त्यांचे काहीच वाटत नाही. गोदावरी ही दक्षिण गंगा. पैठण दक्षिण काशी, नाशिक दक्षिण काशी, कोल्हापूरही दक्षिण काशी. म्हणजे मूळ तिकडचे आणि नक्कल इकडची! गोदावरीचे पाणी पिऊन मोठ्या झालेल्या माणसाने तिला गंगेच्या नावाने का ओळखावे? भक्ताचा भाव मला कळतो आणि त्याला मी बोट लावणार नाही. पण इतिहास पाहणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की या नावांत आपण स्वतःच्याच घराकडे शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहत असतो. उलट जोतिबाचे पाहा. वाडी रत्नागिरीचा हा देव केदारनाथाचे रूप मानला जातो, म्हणजे उत्तरेकडून आलेला. पण त्याला येथले लोक दख्खनचा राजा म्हणतात. तेथे दख्खन हा शब्द नक्कल राहत नाही. तो गादीचा शब्द होतो.

दक्षिणापथातला 'पथ' गळून नुसते 'दक्खन' केव्हा उरले? प्राकृत बोलीत ते पूर्वीही असणार. ग्रीक व्यापाऱ्याने ऐकलेला शब्द तोच. पण राज्यकारभारात ते रूढ झाले ते फारसीच्या मार्गाने. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने तेथे राजधानी आणली, आणि 1347 मध्ये दौलताबादेतच बहमनी राज्य उभे राहिले. दिल्लीच्या तवारिखकारांना विंध्याखालचा मुलूख तो दकन. यानंतर मात्र शब्दाचा अर्थ एका नव्याच बाजूला वळला. बहमनी दरबारात दोन तट पडले. इराण, तुराण, अरबस्तानातून नव्याने आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. आणि येथे पिढ्यान् पिढ्या रुजलेले ते दख्खनी. या भांडणात अनेकांचे बळी गेले. 1481 साली महमूद गावानसारखा कर्तबगार वजीर मारला गेला, त्यामागेही हाच द्वेष होता. हबशी मंडळी बहुधा दख्खन्यांच्या बाजूची. ज्याचा जन्म हबसाणात झाला आणि ज्याने अहमदनगरची बुडती निजामशाही 1626 साली मरेपर्यंत मोगलांविरुद्ध तोलून धरली, तो मलिक अंबर दख्खनी पक्षाचा आधारस्तंभ. म्हणजे पाहा, दख्खनी असणे हे रक्तावर वा धर्मावर नव्हते. येथे रुजण्यावर होते. त्याच काळात येथे एक बोली ग्रंथात आली, तिचेही नाव दखनी. दिल्लीच्या उर्दूने कवितेचे वस्त्र नेसण्याच्या आधी गोवळकोंडा आणि विजापूर येथे दखनीत काव्ये झाली. वजहीचा 'सबरस' हा गद्यग्रंथ 1635 चा आहे.

आणि आता मी ज्या कागदापाशी येण्यासाठी एवढा वेळ बोलत होतो त्यापाशी येतो. 1677 साली शिवाजी महाराजांनी मुधोळच्या मालोजी घोरपड्यांना पत्र लिहिले. या दोन घराण्यांचे वैर आपल्याला माहीत आहे. शहाजी राजांच्या अटकेत मालोजीच्या वडिलांचा, बाजी घोरपड्यांचा हात होता आणि 1664 मध्ये महाराजांनी बाजींना मारले होते. अशा घरात हे पत्र गेले. विजापूरची आदिलशाही बहलोलखान पठाणाच्या हाती गेली आहे. हे बरे नव्हे. दक्षिणेची पातशाही आम्हा दक्षिण्यांच्या हाती राहावी, असा त्याचा आशय आहे. कुतुबशाहाशी महाराजांनी सख्य केले होते ते याच भूमिकेवरून. त्यांच्या हिशेबी तोही दक्षिणीच.

या पत्राचा राजकीय डावपेच म्हणूनही अर्थ लावता येतो आणि इतिहासकारांनी तो लावला आहे. डावपेच त्यात आहेच. महाराज पत्रे काही हौसेखातर लिहीत नव्हते. पण डावपेचासाठी सुद्धा शब्द असा निवडावा लागतो की जो ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडेल. पित्याच्या वधाचे दुःख बाजूला ठेवून मालोजीने ऐकावे असा एकच शब्द महाराजांना सापडला आणि तो 'दक्षिणी' हा होता. उत्तरेत उभ्या असलेल्या कोणीतरी बोट दाखवून ठेवलेले नाव येथे प्रथम 'आम्ही' या शब्दाला जोडून आले, असे मी म्हणणार नाही, कारण दरबारातले दख्खनी ते आधीच म्हणत होते. पण दरबारी तटाचे नाव येथे देशाचे झाले, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही. चारच वर्षांनी, 1681 मध्ये औरंगजेब दिल्लीकडचा सारा लवाजमा घेऊन दक्षिणेच्या वाटेला लागला आणि 1707 साली अहमदनगरला मेला. 1719 मध्ये बादशहाकडून ज्या सनदा आल्या त्या दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या: खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, विजापूर, हैदराबाद. सनदेतले दख्खन ते एवढे. पुढे मराठे माळव्यात आणि दिल्लीत गेले तेव्हा तिकडच्या लोकांनी त्यांना दक्खनीच म्हटले. काशीत गंगेच्या घाटावर एका वृद्ध पुरोहिताने मला पाहताक्षणी विचारले, 'दक्षिणी?' मी मान हलविली आणि मग पुढचा शब्द अर्थातच दक्षिणेचा निघाला.

इंग्रजी अमदानीत हे दोन शब्द पुन्हा शेजारी आले, आणि तेही पुण्यात. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती दाभाड्यांनी तळेगावी घातली. 1731 साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर बाजीरावाने ती पुण्यास आणली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जमणारा तो विद्वानांचा आणि अविद्वानांचाही मेळा प्रसिद्धच आहे. पेशवाई बुडाली, पण दक्षिणा एकदम बंद करण्याचे धाडस नव्या सरकारने केले नाही. त्या पैशातूनच 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1849 च्या सुमारास लोकहितवादींसारख्या काही तरुणांनी अर्ज केला की या रकमेतून काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. शहरात गहजब उडाला. जुन्या शास्त्रीमंडळींना तो घरावर दरोडा वाटला, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो होताही. 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच साली पाठशाळा आणि इंग्रजी शाळा मिळून पूना कॉलेज झाले, आणि 1864 मध्ये त्याचे नाव बदलून डेक्कन कॉलेज असे ठेवण्यात आले. दक्षिणेच्या पैशावर उभे राहिलेले कॉलेज दख्खनचे झाले! नाव ठेवणाऱ्या साहेबाला हा श्लेष सुचला असेल असे वाटत नाही.

पण शेवटचा योग याहून मोठा आहे. त्या पैशातून तरुण विद्वानांना 'दक्षिणा फेलो' म्हणून नेमीत. त्यांपैकी एक रामकृष्ण गोपाळ भांडारकर. त्यांनी 1884 मध्ये या भूमीचा प्राचीन इतिहास इंग्रजीत लिहिला. त्याच्या नावात दख्खन आहे, आणि त्याचे पहिलेच प्रकरण दख्खन या शब्दाच्या व्युत्पत्तीचे आणि व्याप्तीचे आहे. नाणेघाटच्या लेखातले दोन शब्द दोन हजार वर्षांनी एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आले. त्याच 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1896 मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा काढली, आणि 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. साहेबाचे 'डेक्कन' तोवर आकसत आकसत मुंबई इलाख्यातल्या घाटावरच्या मराठी जिल्ह्यांपुरते झाले होते. निजामाच्या राज्यात मात्र हा शब्द आपला वेगळा संसार करीत होता.

इतका वेळ उत्तरेकडून दिसणाऱ्या नावाविषयी बोललो. येथे राहणाऱ्या माणसाने आपल्या पायाखालच्या जमिनीला काय म्हटले? माझी आजी रत्नागिरीकडची. तिच्या तोंडी दख्खन हा शब्द मी कधी ऐकला नाही. घाट चढून पुण्याकडे यावयाचे म्हणजे 'देशावर' जाणे; दिशा एकच, ती म्हणजे 'वर'. देश आणि कोकण, वरघाट आणि तळकोकण. सह्याद्रीची भिंत समोर असली म्हणजे उंच आणि सखल या दोनच दिशा माणसाला पुरतात. तामिळ लोकांनीही तसेच केले. त्यांच्या भाषेत पूर्वेच्या नावात 'खाली' हा शब्द आहे आणि पश्चिमेच्या नावात 'वर', कारण त्यांची जमीन सह्याद्रीकडून पूर्व समुद्राकडे उतरत जाते. त्यांच्या जुन्या कवींना आंध्राकडचे लोक ते 'वडुग', म्हणजे उत्तरेचे. तिकडून पाहिले तर आमचे दख्खन हे दख्खन नव्हेच, तो उत्तर देश.

आणि मावळ? मावळणे या क्रियापदावरून हे नाव आले असे मानतात: जिकडे सूर्य मावळतो ते मावळ. हे नाव घाटमाथ्याच्या पूर्वेला, देशावर राहणाऱ्याने ठेवले, यात शंका नको. कारण आजीच्या अंगणातून पाहिले तर त्याच डोंगरांमागून सकाळी सूर्य उगवे. तिला ते मावळ कसे वाटावे? डोंगर तेच, एकाचे मावळणे ते दुसऱ्याचे उजाडणे.

आता आपण कोठे आहोत? पाणिनीने 'दाक्षिणात्य' हा शब्द साधला. पतंजलीने दाक्षिणात्यांना तद्धित प्रत्ययांचा सोस आहे म्हणून थट्टा केली. त्या थट्टेत आपण होतो. पंचद्रविडांच्या यादीत महाराष्ट्र होता, गुर्जरही होता. आज मराठी गृहस्थ इडली खाताना त्या पदार्थाला दाक्षिणात्य म्हणतो आणि आपण स्वतः तसे आहोत हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचना कायद्याने देशाचे विभाग पाडले तेव्हा मुंबई राज्य पश्चिम विभागात गेले आणि 1960 नंतर महाराष्ट्रही तेथेच राहिला. दोन हजार वर्षांची दक्षिण एका कायद्याने पश्चिम झाली, आणि कोणी हूं की चूं केले नाही. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी 1803 साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला आहे. तो लेख वाचून मी परतत होतो तेव्हा गाडीतल्या एका तामिळ गृहस्थाने आपुलकीने विचारले, 'आपण नॉर्थचे काय?' काशीच्या पुरोहिताला दिले तेच उत्तर मी त्यांनाही दिले, आणि त्यांनी डब्यातला दहीभात पुढे केला.